आज देवी कशी दिसते?

मंडळी, हात जोडून बसलात, छान. आता एक सांगा — दर्शन कशानं होतं? डोळ्यांनी, असं मागून कुणीतरी म्हणालं. बरं. मग ऐका!

कोकणातल्या एका गावात नवलाईचं देऊळ. त्या गावच्या अनसूयाकाकी. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचा त्यांचा नेम — नवलाईचं दर्शन झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. पुढं साखरेच्या दुखण्यानं दृष्टी गेली. नेम गेला का? नाही! काठी टेकत जायच्या. गुरवाची सून कानाशी येऊन सांगायची, "काकी, आज हिरवं लुगडं हां, आणि अबोलीची वेणी." झालं काकींचं दर्शन!

मग लेकीनं नाशकाला नेलं. आता नवलाई काही एसटीत बसून यायची नाही! पण देवळानं वेबसाइट काढली होती. रोज सकाळी तिच्यावर देवीचा ताजा फोटो. काकींचा फोन बोलका — पडद्यावर बोट ठेवावं, तिथं जे असेल ते तो वाचून दाखवतो. काकी आंघोळ करून बसल्या, फोटोवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, "चित्र."

पुन्हा ठेवलं. "चित्र."

लेक कामावर निघालेली, घाईत. तिनं डोकावून सांगितलं, तीच गं रोजची, छान दिसतेय, जेव आता, गोळी घ्यायचीय. रोजची म्हणजे कशी, हे सांगायला वेळ कुणाला? काकींनी ताट सरकवलं. लेक घाबरली, कामावर जायची थांबली — साखरेचं माणूस, उपाशी ठेवायचं कसं? तिनं देवस्थानच्या शिरीषराव खोतांना फोन लावला. वेबसाइट तेच बघायचे. ते म्हणाले, फोटो रोज न चुकता टाकतो, आणखी काय करू?

काकींनी फोन घेतला. "शिरीषा, फोटो आहे रे, पण मुका आहे. त्याच्या पोटात दोन ओळी लिहिता येतात म्हणे. तेवढ्या लिही, म्हणजे माझा फोन त्या वाचून दाखवील."

थोड्या वेळानं बोट ठेवलं. फोन म्हणाला, "देवीचा फोटो."

काकींना हसू आलं. पुन्हा फोन. "देवीचा आहे ते ठाऊक आहे रे मला. आज ती दिसते कशी?"

आणि मंडळी, शिरीषराव अडकले! सकाळी स्वतः फोटो काढलेला — पण देवीला नेसवलंय काय, ते आठवेना! मोबाइल उचलला, टिपलं, टाकलं, निघाले. आपल्यासारखंच की!

"थांबा काकी, बघून येतो."

गाभाऱ्यासमोर गेले. मोबाइल खिशात ठेवला. बघत राहिले. बऱ्याच वेळानं काकींच्या फोनमधून शब्द आले — "देवीला जांभळं लुगडं आहे. गळ्यात सोनचाफा. समईचा उजेड गालावर पडलाय, त्यामुळं हसू आवरून बसल्यासारखी दिसते."

काकींनी ते दोनदा ऐकलं. मग लेकीला म्हणाल्या, "वाढ गं."

त्या दिवसापासून फोटोच्या पोटात रोज दोन ओळी असतात. आता सांगा, दर्शन कुणाला झालं? काकींना झालंच. पण डोळे असलेल्या शिरीषरावांनाही झालं ना!

तुम्हीही रोज सकाळी ग्रुपवर देव पाठवता. शाळेची सूचना, उत्सवाची पत्रिका — सगळं फोटोत. कुणाच्या तरी कानावर ते नुसतं "चित्र" म्हणून पडतं हो. खाली दोन ओळी लिहा. लिहायचं म्हणजे आधी बघावं लागेल, आणि देवाला तेच हवंय.

चला, आरतीला उठा. घरी गेल्यावर कुणी विचारलं, आज देव कसा दिसत होता — सांगता येईल ना? नाही? मग वळा इकडं. बघा एकदा नीट.