नवसूचा दोरा

(जव्हारचा दरबारी दवाखाना, सन १९१३. नवसू बाकावर आडवा, बायको धाकली उशाशी. दोघं सूर्यमाळेहून चालत आलीत.)

डॉक्टर : आणि हा दोरा कसला? मी लघवीच्या जागची कातडी कापली तेव्हा उरलेली मागं बसवली होती. पुढं कोणी ओढली?

धाकली : त्यानंच ओढली, दागतरसायेब. वर दोरा बांधला. मला चार दिस कळू नाय दिलं.

डॉक्टर : अरे नवसू, लघवी तुंबून मरायला टेकला होतास, म्हणून कापली. रोज तेल लाव, कातडी मागं सार, नाहीतर चिकटेल, असं बजावलं होतं ना?

नवसू : वहाळावर आंघोळ करत व्हतो, तर पाड्यातल्या सोम्यानं पायलं. सांजंला सारा पाडा बोलाय लागला, नवसू बाटला, मुसलमान झाला. पंगतीत माझं पान येगळं मांडलं.

डॉक्टर : म्हणून?

नवसू : म्हनून वाटलं, पयल्यासारखं दिसलं म्हंजे दाखवीन पंचांना. गप बसतील.

धाकली : पंच बघाय आलेच नाय. हे मातर चिकटून बसलं.

डॉक्टर : नुसतं चिकटलं नाही. दोऱ्याखाली कातडी आणि मांस एक झालंय, आत पू आहे. लघवी होते?

नवसू : थेंब थेंब. कालपासून तेबी नाय.

डॉक्टर : मग सोडवायला हवं. आजच. ही कातडीही काढावी लागेल.

नवसू : थोडी ठेवा, सायेब. दिसंल येवढी.

डॉक्टर : ठेवली तर पुन्हा हेच.

नवसू : मंग नको.

धाकली : नको म्हंजे? फुटून मरशील!

नवसू : पोरीचं, माघीचं लगीन ठरलंय. बाटलेल्या बापाच्या मांडवात कोन येल?

डॉक्टर : मी चिठ्ठी देतो. आजारासाठी कापलं, असं लिहितो. पंचांना दाखव.

नवसू : वाचंल कोन, सायेब?

डॉक्टर : पाड्यात कोणी वाचणारा नाही?

नवसू : येकालाबी अक्षर येत नाय. तुमची चिठ्ठी हातात धरून मी काय सांगू?

डॉक्टर : ते मलाही सांगता येत नाही, नवसू. मला फक्त कापता येतं.

धाकली : कापा, सायेब.

नवसू : धाकले!

धाकली : मांडवात कोनी नाय आला तर नाय. पोरीला बाप पायजे. पंचांम्होरं मी जाईन.

नवसू : पंचांत बायांना बोलू देत नाय.

धाकली : ठावं हाय. बसंन तरी तिथं.