साफ करू का नवे टाकू

मी गाडीचे इंजेक्टर नवे काहून टाकत नाही, हे तुमी नेहमी विचारता, तं ऐका.

मागच्या साली आमची भाजीपाल्याची डिझेल गाडी झटके देऊन राह्यली होती. बाबा आन् मी मंगरूळपीरच्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणे, "काका, इंजेक्टर साफ केले तं सहा महिने चालतीन. नवे टाकले तं पाच वर्षं पाहाचं काम नाही."

बाबा आजवर नवाच पार्ट टाकत आले. त्या दिवशी म्हणाले, "साफच कर."

मले राग आला. म्या म्हटलं, "सहा महिन्यांनी पुन्हा यावं लागन ना, बाबा."

"तवा तू येजो," बाबा म्हणाले, आन् पहिल्यांदाच गाडीची चाबी माह्या हातात देल्ली.

मले वाटलं, बाबा चिंगूस झाले. बाबांच्या तेरवीनंतर त्यांचे कपडे काढतानी खिशात अकोल्याच्या डॉक्टरचा कागद भेटला. गॅरेजात गेलो त्याच्या आदल्या दिवशीचा होता.

परवा गाडीनं पुन्हा झटके देल्ले. मी एकटाच गेलो. मिस्त्री म्हणे, "आता तरी नवे टाकू का?"

म्या म्हटलं, "साफच कर. सहा महिन्यांनी येतो पुन्हा."