तांबडं कोकरू

आष्टीच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक मेंढपाळ आजी आणि कॉलेजला निघालेली तिची नात.

“धने, म्हण बघू. तांबडा मेंढा?”

“रुबर.”

“तांबडी मेंढी?”

“रुब्रा.”

“अन् तांबडं कोकरू?”

“आजी, तेच आठवंना गं!”

“रुब्रम. काल बरोबर म्हणली व्हतीस की.”

“आजी, ही कोणती भाषा?” मला राहवलं नाही.

“लॅटिन म्हनत्यात. झाडांची शास्त्रातली नावं तिच्यात असत्यात, अन् आपल्या तांबडा-तांबडी-तांबडंवानी शब्दबी बदलत्यात. आज हिची तोंडी परीक्षा हाय.”

“तुमी किती शिकलात?”

“मी? शाळेची पायरीबी चढले न्हाई. ही मेंढ्या कोंडायच्या वाडग्यात बसून घोकायची. हिच्या ध्यानातच ऱ्हाईना, तवा मी एकेक शब्द एकेका जनावराला देऊन टाकला. आता त्या नावानं हाक मारली की वळून बघत्यात.”

“कमाल हाय तुमची, आजी!”

नात उठली. “आजी, गाडी आली. तिथं पुन्हा इसरले तर?”

“डोळे मिट अन् वाडग्यात ये. आधी मेंढा दिसंल, मग मेंढी. कोकरू तिच्या मागंच असतंय.”