गालातली हवा

हुदा: आज रेडिएशनचा लाईट नाही म्हणजे नाही, काका. आधी खरं सांगा. मास्क लावून मशीनवर झोपल्यावर तुम्ही तोंडाचं काय करता?

गोटीराम: तोंडाचा काय करनार? गप पडून रातो.

पुतळा: ओ मॅडम, बोनकोड्याशी रिक्षा करून येतो आमी रोज. मशीन बंद हाय तं तसा सांगा. यांना कनाला दमवता?

हुदा: मशीन ठणठणीत आहे, काकी. लाईट द्यायच्या आधी रोज स्कॅन काढतो ना, तो धुरकट येतो. मी तो दुरुस्त करते, डाग पुसते, मग कळतं गालातल्या गाठीला खरंच किती लाईट पोचला. यांचं आठवडाभर काही जुळतच नाहीये! गालात रोज एक काळा गोळा. डाग समजून मी पुसत बसले. सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, सरांची बोलणी खाल्ली. आज वैतागून नीट बघितलं. डाग कसला, हवा आहे ती!

पुतळा: हवा? तोंडात?

हुदा: काका, गाल फुगवता तुम्ही?

गोटीराम: जरासा.

पुतळा: आवो, पन कनाला?

गोटीराम: मास्क सैल झालाय. गाल बसले माझे. त्या दिघ्याच्या पेशंटचा सैल झाला, तं त्याला नवीन मास्क, परत सगला पयल्यापासून. मना थांबाला टाईम हाय? पोरीची, जागृतीची हलद आली. बेंजोपुढं पयला मीच नाचनार, असा सगल्यांना सांगून बसलोय.

पुतळा: नाचा आता! पेज उतरत नाय घशाखाली, आन मना सांगता वजन वाढला!

हुदा: मास्क कशाला असतो, काका? हलू नये म्हणून. गाल फुगला की गाठ सरकते. लाईट मात्र जुन्याच जागी पडतो.

गोटीराम: म्हंजे आठवडा फुकट?

हुदा: सगळा नाही. किती कमी पडला ते मी परत मोजतेय. पण भरून काढावा लागेल. नवीन मास्क, नवीन प्लॅन. डॉक्टरांशी बोलले मी.

गोटीराम: हलदीच्या आधी सपेल?

हुदा: नाही.

गोटीराम: बगा ना काय तरी. तुमी कॉम्प्युटरवर सगला दुरुस्त करता.

हुदा: फोटो दुरुस्त करते, काका! तुमचा गाल नाही!

(थोड्या वेळाने, मास्क बनवायच्या खोलीत. गोटीराम उताणा झोपलाय. हुदाच्या हातात गरम पाण्यातून काढलेली, मऊ पडलेली मास्कची प्लास्टिक जाळी.)

हुदा: चेहऱ्यावर कोमट लागेल. घाबरू नका. नाकाने श्वास घ्या, गाल सोडा.

गोटीराम: सोडले.

हुदा: नाही सोडले, काका. जाळी थंड होऊन कडक होतेय, प्लीज!

पुतळा: सोडा ओ. बाबा बरा झाल्याबिगर हलद लावून घेनार नाय, असा पोरच बोलते.