आत्यांचा रकाना

इस्पितळात एन्डोमेट्रिओसिसच्या, म्हणजे पाळीत पोट असह्य दुखवणाऱ्या आजाराच्या, अभ्यासाचे फॉर्म वाटून काउंटरवरची बाई जरा टेकते न टेकते, तोच समोरच्या बाकावर मायलेकींची जुंपली.

“आई, नातेवाइकांच्या रकान्यात नुसत्या आत्याच लिहिल्यास!”

“मग? तुझं दुखणं तिकडूनच आलंय. नाकासारखं.”

“अगं, हे पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया तपासणार. ते फक्त आईकडून येतात.”

“बापाचं काहीच नाही?”

“काही नाही.”

“बघ! इथंही गृहस्थ गैरहजर.”

“तुझंही पोट असंच दुखायचं?”

“छे! सगळ्यांचं दुखतं तेवढंच. दर महिन्याला दोन दिवस फरशीवर पालथी पडायचे, तिसऱ्या दिवशी कामावर.”

“सगळ्यांचं असं नाही दुखत, आई.”

आईनं फॉर्मवरच्या आत्या एकेक करून खोडल्या. मग आई काउंटरशी आली.

“बाई, नवा फॉर्म द्या. मोठ्या रकान्याचा. मला चार बहिणी आहेत, आणि माहेरी दर महिन्याला फरशीवर जागा पुरायची नाही.”