वय राहिलं

आई : ...आणि तो स्क्रीन आधी बंद कर. तू बघून हळूच सांगतेस, आणि मला वाटतं मला जमलं. उद्या दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत डॉक्टर मॅडम माझं काम बघायला शेजारी बसणार आहेत, तू नाही.

लेक : हं, केला बंद. आता मलाही काही दिसत नाही. टॅब दाब.

आई : "पेशंटचं नाव." अगंबाई, हा तर तुझाच आवाज.

लेक : माझाच भरलाय. फोकस, म्हणजे टाइप होण्याची जागा, कुठल्या चौकटीत आला ते प्रोग्राम ओळखतो आणि तिचं नाव बोलतो. तुला बघायची गरजच नाही.

आई : नाव लिहिलं. टॅब. "वय." मुद्दाम रिकामं ठेवते, लोक विसरतातच सांगायला. टॅब. टुण् वाजलं. "वय राहिलं, एंटर दाबा." दाबलं. आता गप्प बसलाय.

लेक : गप्प कसा? फोकस परत वयात आलाय.

आई : मला काय स्वप्न पडणार? मी आपली पुढच्या चौकटीतला फोन नंबर ठोकला असता, आणि पेशंटचं वय शेकडो कोटी झालं असतं.

लेक : घोळ माझाच आहे. चौकट बदलली तरच बोल, असं लिहून बसलेय. टुण् व्हायच्या आधी तू वयात, नंतरही वयातच. त्याला वाटलं, बाई जागच्या हलल्याच नाहीत.

आई : मग इतके दिवस कळलं कसं नाही?

लेक : इतके दिवस मी मधेच "वय, आई" म्हणत होते ना.

आई : मॅडम चांगल्या आहेत गं. वाईट वाटून घेतील, पण घरीच बसवतील. डोळे गेले ते गेले. मला घरी नाही बसायचं.

लेक : कोण बसवतंय? टुण् झालं की जुनी चौकट विसरायची आणि परत आल्यावर नाव बोलायचं, एवढंच शिकवायचंय त्याला. थांब जरा.

(स्क्रीन लागतो. बराच वेळ कीबोर्डची टकटक. स्क्रीन पुन्हा बंद.)

लेक : कर आता. पहिल्यापासून.

आई : नाव. टॅब. वय. टॅब. टुण्. एंटर दाबते हं.

लेक : दाब की.

आई : "वय" म्हणाला.

लेक : मी तोंड उघडलेलं नाही हं. शपथ.

आई : माहीत आहे, तू शेजारी आहेस, तो आवाज समोरून आला. उद्या मला दवाखान्याच्या दारापर्यंतच सोड. आत मी जाईन.