इंजिन थंड होतंय

घड्याळ शोधताय का ताई? भिंतीवर नाही ते, मी गॅरेजमध्ये घड्याळ ठेवतच नाही. हातातलं बघा तुमचं. अडीच ना? मग बसा की, त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे. रविवार, रविवार — तिसऱ्यांदा सांगताय, कळलं मला. रविवारी वडलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, त्यांच्या तरुणपणची ही दोन सीटांची गाडी दारात उभी करायची, आणि चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. होईल. न व्हायला काय झालं? इंजिनावरचा जुना पेट्रोल पंप काढला, मागे डिकीखाली विजेवर चालणारा नवा बसवला, टाकीपासून पुढपर्यंत नवी नळी टाकली, दोन्ही कार्ब्युरेटर धुऊनपुसून लख्ख. काम झालंय म्हणा ना. फक्त एक स्विच यायचाय, तो मंगळवारी येणार. आणि तो बसल्याशिवाय गाडी इथून हलायची नाही.

एवढासा असतो, काडेपेटीएवढा. गाडीला जोरात धक्का बसला की पंपाची वीज तोडतो, बस. — हो, जुन्याला नव्हता, बरोबर आहे तुमचं. जुन्याला लागायचाच नाही. तो इंजिनाच्या जिवावर चालायचा, इंजिन थांबलं की तोही गप्प. हा नवा तसा नाही. इंजिन बंद पडलं तरी चावी चालू आहे तोवर हा आपला पेट्रोल ढकलतच राहतो, आणि धक्क्यानं नळी निसटली असली तर ते सगळं तापलेल्या इंजिनावर. एरवी ऐकूही येत नाही. इंजिन थांबलं की मग कळतं — टिक, टिक, टिक.

दोन दिवसांनी काय बिघडतंय? अगदी हेच म्हणाला होता तो — होतं एक गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणजे, भाऊच माझा. धाकटा. अशीच जुनी गाडी, हाच बदल, दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांची फेरी, आणि स्विच आलेला नाही. म्हणाला, दादा, नंतर लाव. लोकांना मी सांगतो, फार हट्टी होता, ऐकलंच नाही त्यानं. ऐकलं नाही कसलं. मीच म्हटलं, बरं.

मी मागच्या गाडीत होतो. वळणावर त्याची गाडी घसरली नि रस्त्याखालच्या खड्ड्यात आडवी झाली, इंजिन बंद. धावत खाली उतरलो. शुद्धीवर होता हो, बोलत होता. फारसं लागलंही नव्हतं, पाय तेवढा पेडलखाली अडकलेला. मला म्हणाला, "दादा, काय वाजतंय हे?" आता मला सांगा, अर्धं आयुष्य गाड्यांखाली गेलेला माणूस मी — तापलेला सायलेन्सर थंड होताना टिकटिक करतो, रोज ऐकतो मी ते. म्हटलं, "काही नाही रे, इंजिन थंड होतंय." आणि पहार आणायला वर रस्त्यावर गेलो. चावी त्याच्या हाताशी होती, ताई. वीतभर लांब. फिरव म्हटलं असतं तर फिरवली असती त्यानं, माझा शब्द मोडायचा नाही तो. पंप मी बसवलेला, याच हातांनी, आदल्या दिवशी — आणि मलाच त्याचा आवाज ओळखता आला नाही. पहार घेऊन वळलो, तर खाली —

तर म्हणून घड्याळ नाही इथं.

भावजयीला मी सांगितलं, जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंच नाही. अकरा वर्षं ती तेवढ्यावर जगतेय. अजून माझा जेवणाचा डबा तीच करते — तुम्ही आलात तेव्हा डबा ठेवून गेली ना एक बाई? तीच. रोज विचारते, भाजी बरी होती का. आणि मी रोज, हो, चांगली होती. तिला कधी बोललो नाही, आणि तुम्हाला सांगत बसलोय. तुम्ही कोण माझ्या?

चावी का उचललीत खुंटीवरची? द्या इकडे. टेबलावर नको, माझ्या हातात द्या. वडलांना सांगा, मंगळवारी. रागावतील, रागावू देत, रागवायला आहेत तर खरे. आणि हे बघा, ती आता रिकामा डबा न्यायला येईल, दारात भेटेल तुम्हाला. विचारलंन काही, तर स्विच आला नाही म्हणून थांबले होते म्हणा. एवढंच म्हणा. जा आता.